कावडीमागची हजेरी

लोक देवाला चालत जातात आणि दर्शन झालं की एसटी पकडून घरी येतात. माझ्या सासरच्या वाडीचं उलटं आहे. ही माणसं श्रावणात बसने आरामात भीमाशंकरला जातात, तिथलं पाणी कावडीत भरतात आणि अनवाणी चालत तळवड्याजवळच्या आपल्या वाडीत येऊन शेवटच्या सोमवारी ते गावच्या महादेवावर ओततात. वाडीच्या उशाला इंद्रायणी वाहते, घरोघरी नळ आहेत, तरी पाणी भीमाशंकरचंच लागतं. लग्नानंतर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, की मग टँकर का मागवत नाही? सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी चिपळूणकडची. आमच्याकडे माणसं देवाकडे फारशी जात नाहीत. शिमग्यात देवच पालखीत बसून घरोघरी येतो, अंगणात नाचतो, नारळ घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्यामुळे चालायची सवय देवाला आहे, आम्हाला नाही. थेरगावच्या एका शाळेत मी गणित शिकवते, रावेतला चौदाव्या मजल्यावर राहते आणि कोथिंबीर आणायलासुद्धा स्कूटरवर जाते. असल्या बाईने चार दिवस कावडीमागे चालायचं कारण एकच होतं, ते म्हणजे माझे सासरे.

सासऱ्यांना सगळी वाडी अण्णा म्हणते. पंच्याहत्तरी उलटलेली, पण हाडं खणखणीत. सगळा जन्म कंपन्यांमध्ये फिटर म्हणून गेला, शेवटची काही वर्षं चाकणला. गेल्या वर्षापासून मात्र ते विसरायला लागले. चष्मा कुठे ठेवला हे तर मीही विसरते. अण्णा रस्ता विसरतात. एकदा दाढी करायला खाली उतरले ते संध्याकाळी डांगे चौकात सापडले, दाढी न करता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि एकटं सोडू नका म्हणाले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाले, "यंदा कावड चुकवायची न्हाई. फुडल्या साली ध्यानात ऱ्हाईल न ऱ्हाईल."

सोबत कुणीतरी जायला हवं होतं. माझे यजमान संजय कॉम्प्युटरवाले. त्यांचं अमेरिकेतल्या कुणाचं तरी काहीतरी त्याच आठवड्यात सुरू होणार होतं आणि अमेरिकेत श्रावण पाळत नाहीत. तेव्हा मी शाळेत रजा टाकली. देवावर माझा फारसा विश्वास नाही, अण्णांना गर्दीत त्याच्या भरवशावर सोडण्याइतका तर मुळीच नाही.

भीमाशंकर

बस गुरुवारी निघाली, कारण वाडीतल्या बऱ्याच जणांच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि देवाला तेवढं समजून घ्यावं लागतं. बसच्या दारात जालिंदरनाना उभे होते. नाना कावडीचे प्रमुख. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला होते, मागच्याच वर्षी निवृत्त झाले, पण कारखान्याला ते पटलंय, नानांना अजून नाही. त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात फीत लावलेलं एक कार्ड घातलं. कार्डावर फोटो, नाव, रक्तगट, घरचा फोन नंबर आणि आत कसलीशी चिप.

"माल कास्टिंगला आला की टॅग, मशीनवरून उतरला की टॅग, पॅकिंगला टॅग," नाना बसमध्ये उभं राहून सांगत होते. "गाडीतला एक बोल्ट कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर झाला ते मी सांगायचो. आन् आपली माणसं धुक्यात हरवत्यात? लाज वाटली पायजे आपल्याला."

याला संदर्भ होता. गेल्या वर्षी वाडीतला एक जण भीमाशंकरच्या धुक्यात जो चुकला तो घाट उतरून थेट कर्जतच्या अंगाला निघाला. तिथून त्याने फोन केला तो, "इकडं पाऊस लई हाय," असा. त्यावर उपाय म्हणून नानांच्या पुतण्याने, म्हणजे प्रसादने, हे यंत्र दिलं होतं. तळवड्यात त्याचा छोटा कारखाना आहे, कंपन्यांना हजेरीची मशिनं पुरवतो. सामानाच्या टेम्पोच्या मागच्या बाजूला त्याने तसलंच एक मशीन बसवलं होतं. प्रत्येक मुक्कामाला पोचलं की आपलं कार्ड त्याला लावायचं. टीं वाजलं की तुमचं नाव नानांच्या मोबाईलवर हिरवं होणार. सगळे आले आणि एखादं नाव लालच राहिलं, तर माणूस मागे राहिलाय हे कळणार. कल्पना चांगलीच होती, हे मीही कबूल करते.

आमच्या घरचा बंदोबस्त वेगळा होता. संजयनी अण्णांसाठी एक घड्याळ घेतलं होतं, ज्यावरून ते कुठे आहेत हे रावेतला बसून दिसणार होतं. घड्याळ मधूनमधून बोलायचंही. भीमाशंकरच्या पायऱ्या उतरून, दर्शन घेऊन, पाणी भरून, परत सगळ्या पायऱ्या चढून अण्णा वर येऊन टेकले आणि घड्याळ एका बाईच्या गोड आवाजात इंग्रजीतून म्हणालं, की तुम्ही बराच वेळ बसून आहात, जरा उठून फिरा.

"काय म्हंती ही?"

"उठून फिरा म्हणतेय."

अण्णांनी घड्याळ काढलं आणि टेम्पोतल्या आपल्या पिशवीत टाकलं. मी डाफरले. ते म्हणाले, "तू कमी हायेस का, आनि ही कशाला?" संध्याकाळी संजयचा फोन आला. घाबरलेला आवाज. "वैशाली, अण्णा पळतायत का? मॅपवर ताशी चाळीसने चाललेत!"

भीमाशंकरबद्दल लिहायचं तर मला दिसलं तेवढंच लिहिते, म्हणजे पुढच्या माणसाची पाठ आणि धुकं. देवळाचा कळस मला फोटोतच बघावा लागेल. पण कुंडावर कावड भरतानाचा गलका, ओल्या झाडांचा वास आणि तांब्याच्या कळशा बांबूला बांधताना अण्णांची बोटं कशी भराभर चालत होती, हे आठवतं. गाठ कशी मारायची हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. एकदा भरली की कावड जमिनीला टेकवायची नसते. खांदा बदलायचा, पण थांबायचं झालं तरी कुणीतरी ती उचलून धरायची. मी विचारलं, टेकली तर काय होतं? अण्णा म्हणाले, "कुनी टेकवलीच न्हाई तर कसं कळनार?" या उत्तरात गणिताच्या बाईला खोट काढता येईना.

वाडा

दुसऱ्या दिवशी माझ्या पायाला फोड आले. अनवाणी चालायचं कबूल केलं होतं, म्हणून सकाळभर चालले, मग गुपचूप मोजे घातले आणि दुपारी उघड उघड चपला. कावडीबरोबरच्या बायकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांच्यातली एक म्हणाली, "देव पायाकडं बघत न्हाई वो ताई, आमच्या सासूबाई बघायच्या, त्या आता न्हाईत."

वाडा गावाच्या बाजूला उतरताना धरणाचं पाणी दिसायला लागतं. भातखाचरं तुडुंब, बांधावर बगळे, पोरं रस्त्यावर खेकडे विकायला बसलेली. श्रावणात आमच्या कळपाला खेकडे वर्ज्य, त्यामुळे सगळे पुरुष त्या खेकड्यांकडे ज्या भक्तीने बघत होते तेवढ्या भक्तीने भीमाशंकरला कुणी पिंडीकडे बघितलं नव्हतं. मुक्काम एका शाळेत होता. गावातल्या बायकांनी नाचणीच्या भाकरी, कुरडूची भाजी आणि लसणाचा ठेचा आणला. आमच्या कोकणात पाहुण्याला आधी विचारतात, जेवणार ना? आणि त्याचं उत्तर काय द्यायचं हे पाहुण्यालाही ठाऊक असतं. इथे विचारतच नाहीत. ताट भरतात आणि उठू देत नाहीत. कुरडूची भाजी मी तीनदा घेतली. अण्णांना ठेचा दुसऱ्यांदा घेऊ दिला नाही, तेव्हा वाढणारी आजी मला म्हणाली, "लई धाकात ठिवलंय बया म्हाताऱ्याला."

जेवणाआधी मात्र हजेरीच्या मशीनपुढे हीऽऽ रांग लागली होती. पाय मोडलेले, पोटात आग पडलेली, वरून भुरभुर पाऊस, आणि प्रत्येक जण कार्ड उलटं लावायचा. मशीन टुर्रर करायचं, नाना ओरडायचे, "फोटो वर! फोटो वर!" अण्णांचे जुने दोस्त किसनराव माझ्यापुढे उभे होते. दोघे एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, एकाच डब्यात जेवलेले. ते वैतागून म्हणाले, "रिटायर झालो तरी पंचिंग सुटंना राव."

झोपायच्या आधी अण्णांच्या पायाला मी तेल लावत होते. ते दाराकडे बघत म्हणाले, "मंदा मागंच हाय ना? लई चालवत न्हाई तिला."

मंदा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. शाळेत मी रोज पोरांच्या चुका दुरुस्त करते, पण ही करावीशी वाटली नाही. "मागेच आहेत," मी म्हटलं. ते झोपले. मला बराच वेळ रडू येत होतं आणि शेजारच्या बायका घोरत होत्या हे त्यातल्या त्यात बरं होतं.

खेड

तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. चासला चहासाठी थांबलो तर मशीनपुढे चारसहाच जण. दुपारी खेडला तीच गत. टीं टीं टीं टीं, की झालं. नाना मोबाईल नाचवत फिरत होते. "शंभर टक्के! एक पण रिजेक्ट न्हाई! सेट झाली लाइन. पहिल्या दिवशी कुठलीबी लाइन अडखळतीच."

मीही त्यांचं कौतुक केलं. पुतण्याला फोन केला, त्याचंही केलं.

खेडच्या पुढे जंगल संपतं आणि हमरस्ता सुरू होतो. अण्णांनी अर्धा तास कावड खांद्यावर घेतली. मी मागून ओरडत होते, पुरे आता, द्या दुसऱ्याला, कमरेला झटका आला म्हणजे समजेल. ते ऐकत नव्हते. कावड खांद्यावर असली की त्यांचं काही चुकत नव्हतं. पाऊल, खांदा, श्वास, सगळं बरोबर. रस्त्याकडेचे लोक पाया पडत होते आणि त्या पायांवर मी डाफरत होते, असा तो देखावा होता. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं की तू कुणाची गं? पहिल्यांदा मी नाव सांगितलं. दुसऱ्यांदा नुसतंच, "तुमचीच," म्हटलं आणि टोपी सरळ करा म्हणून सांगितलं.

चाकण

रविवारी सकाळी चाकणला मिसळ खाल्ली. उपवासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी होती, पण त्यांतले दोघे मिसळीच्या बाजूला सापडले. तिथून उजवीकडे वळलं की कंपन्या सुरू होतात. ज्यांनी हा पट्टा पाहिला नाही त्यांना सांगते: एका बाजूला उंच भिंत, त्यावर तार, भिंतीआड निळे पत्रे. दुसऱ्या बाजूला तसंच. मध्ये रस्ता, त्यावर कंटेनर, गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, आणि कडेला चिखलातून चालणारी आमची कावड, "हर हर महादेव" करत. एका कंटेनरच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून पंजाबीत काहीतरी म्हटलं आणि हात जोडले. मागच्या सगळ्यांनी हॉर्न वाजवून त्याची भक्ती आटोपती घेतली.

माझे फोड फुटले होते, म्हणून मी मागे, बायकांच्या घोळक्यात. अण्णा पुढे किसनरावांबरोबर. पुढच्या विसाव्याची जागा महाळुंग्याजवळ, एका देवळापाशी होती. आम्ही पोचलो तेव्हा कावड दोघांच्या खांद्यावर उभी होती, चहा उकळत होता आणि अण्णा दिसत नव्हते.

मी नानांना विचारलं. त्यांनी न बघताच मोबाईल पुढे केला. "आलेत की. हे बघा, हिरवं."

"दिसत नाहीयेत."

"असतील हिकडं तिकडं. मशीन खोटं बोलत न्हाई वैशालीताई."

मशीन आले म्हणतंय म्हटल्यावर आम्ही त्यांना तिथेच शोधत बसलो. देवळाच्या मागे, टेम्पोत, शौचालयाच्या रांगेत, चहाच्या टपरीवर. मी संजयना फोन केला, ते म्हणाले, मॅपवर तर अण्णा तिथेच आहेत. असणारच, घड्याळ टेम्पोतल्या पिशवीत होतं. दोन यंत्रं छातीठोक सांगत होती की माणूस इथे आहे आणि माणूस नव्हता. चांगला पाऊण तास आम्ही त्या देवळाला प्रदक्षिणा घातल्या.

मग माझी नजर किसनरावांकडे गेली. ते एका कोपऱ्यात उभे राहून लोकांना कार्डं परत वाटत होते. हातात फितींचा हा झुबका. त्यात अण्णांचा फोटो लोंबत होता.

"हे तुमच्याकडे कसं?"

किसनराव गोंधळले. त्यांना प्रश्नच कळला नाही. "म्हंजी? मी मारतो की सगळ्यांची. काल सकाळधरनं. म्हाताऱ्या मानसांनी कशाला रांगंत उभं ऱ्हायाचं?"

तेव्हा मला शंभर टक्क्यांचा अर्थ कळला. ही सगळी माणसं जन्मभर कंपनीत पंचिंग करत आलेली. दोस्ताला उशीर झाला, बस चुकली, घरी पोर आजारी आहे, की त्याचं कार्ड आपण मारायचं. पकडले गेले तर दोघांचा पगार कापला जायचा, तरी नाही म्हणणारा माणूस शिफ्टमध्ये तोंड दाखवू शकत नव्हता. गळ्यात कार्ड आलं आणि समोर मशीन आलं, की त्यांचे हात आपोआप एकमेकांसाठी चालायला लागले. वर्गात दुसऱ्याच्या नावाने "हजर" म्हणणारं पोर मी पाठमोरी असले तरी आवाजावरून पकडते. आणि इथे दोन दिवस चार माणसं साऱ्या वाडीची हजेरी लावत होती, तर मी पुतण्याला फोन करून शाबासकी देत होते.

"अण्णांना शेवटचं कधी पाहिलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"चाकनला मिसळ खाल्ली तवा हुते. कार्ड टोचतंय म्हनले, तुज्याकडंच ठिव म्हनले." किसनरावांचा चेहरा पडला. "नंतर... मला वाटलं तुमच्याकडं मागं हायेत."

आणि मला वाटलं होतं त्यांच्याकडे पुढे आहेत. म्हणजे चाकणपासून महाळुंग्यापर्यंतच्या त्या सगळ्या कंटेनरांच्या रस्त्यावर अण्णा एकटे होते, रस्ता आठवत नसताना, आणि त्यांचं नाव आणि आमचा नंबर किसनरावांच्या हातात होता. मी किसनरावांना नको नको ते बोलले.

नाना खाली बसले होते. मोबाईल हातात, सगळी नावं हिरवी. मग ते उठले आणि मोठ्याने म्हणाले, "कावड हितनं हलनार न्हाई. अण्णा आल्याबिगर एक पाऊल न्हाई. खांदं बदला, पर उभी धरा." वाडीत संध्याकाळी ढोलताशे, पंगत, आमदार, सगळं ठरलेलं होतं. तरी चौघे जण खांद्याला लागले, बाकीच्यांनी गाड्या मिळवल्या.

मी किसनरावांच्या मागे एका मोटरसायकलवर बसले, कारण दुसरी गाडी नव्हती आणि त्यांच्याशी भांडण पुरं व्हायचं होतं. दर टपरीवर थांबून विचारायचं: म्हातारे गृहस्थ, पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळाला गंध, अनवाणी. लोक आमच्याकडे बघायचे. सकाळपासून त्या रस्त्यावरून आमच्या कावडीचे सगळे म्हातारे असेच तर गेले होते. फोटोवालं कार्ड गडबडीत देवळापाशीच राहिलं होतं. फोटो दाखवावा म्हणून मोबाईल काढला तर माझ्याकडे धरणाचे फोटो होते, कुरडूच्या भाजीचा फोटो होता, फोडाचा होता. अण्णांचा एकच, कावड घेऊन चाललेले, पाठमोरे. एका ट्रेलरखाली पांढरं काहीतरी दिसलं तेव्हा मी किसनरावांचा खांदा इतका जोरात दाबला की गाडी डगमगली. ते पोतं होतं.

अर्ध्या वाटेवर वडापावच्या गाडीवर एक बाई म्हणाली, "ते आजोबा का? मगाशी आले होते. बस कुठं लागते विचारत होते."

"कुठली बस?"

"कंपनीची. सेकंडला उशीर होतोय म्हणाले. मला वाटलं सेक्युरिटीवाले असतील. त्या बाजूला गेले, बस जातात तिकडं."

दुसऱ्या शिफ्टच्या बस एकामागून एक आतल्या रस्त्याला वळत होत्या. आम्ही त्यांच्या मागे लागलो. गेट आलं की थांबायचं, विचारायचं, नाही, पुढे. किसनराव आता विचारताना हात जोडत होते. "माझा दोस्त हाय," म्हणायचे. माझं भांडण वाटेत कुठेतरी गळून गेलं होतं.

एका मोठ्या गेटपाशी निळ्या कपड्यातली पोरं कार्ड लावून आत जात होती. बाजूच्या काचेच्या केबिनमध्ये, पंख्याखाली, खुर्चीत अण्णा बसले होते. हातात चहा. गळ्यात कार्ड.

मी धावले ती केबिनच्या दारात आडवी आलेल्या माणसावर आदळले. गेटवरचा गार्ड, पस्तिशीचा, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. "ताई, थांबा. कोन पायजे?"

"ते माझे सासरे आहेत!"

"असतील. पर असं कसं सोडू?" त्याने शांतपणे सगळं सांगितलं. काका रांगेत उभे राहिले. मशीनपाशी आले तर कार्ड नाही. म्हणाले, घरी विसरलो, आत सोड, साहेब बोलतील. "सगळे हसायलेत, मला काय हसू येईना. माझे वडील बी असंच करायलेत आता. म्हटलं बाहेर सोडावं तर गाड्या जायलेत, आत सोडावं तर कार्ड न्हाई. मंग व्हिजिटरचा पास केला आन् इथं बसिवलं. पासाबिगर केबिनमध्ये बसू देता येत न्हाई आमाला."

पासावर नावाच्या जागी "काका" लिहिलं होतं. भेटण्याचे कारण या जागी "ड्यूटी".

"बरं केलंत हो," मी म्हटलं. मला रडायचंही होतं आणि त्याच्या पायाही पडायचं होतं. "चला अण्णा."

"ताई," तो पुन्हा आडवा आला. "राग नका मानू. तुमी त्यांच्या सूनबाई, कशावरनं? काकांपाशी काईच न्हाई. मी तुमच्या हवाली केलं आन् घंट्याने दुसरंच कुनी आलं तर?"

मी आधार कार्ड काढलं. त्यावर माझं नाव, संजयचं नाव, रावेतचा पत्ता. अण्णांशी ते जुळवून बघायला अण्णांपाशी काहीच नव्हतं. किसनराव अजून बाहेर गाडी लावत होते. गार्डाचं चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं. शेवटी तो खाली वाकला आणि अण्णांना मोठ्याने विचारलं, "काका, वळखता का ह्या ताईला? कोन हायेत तुमच्या?"

अण्णांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात गार्डाने मला हाताने गप्प केलं.

"नाव न्हाई येत तोंडात," अण्णा म्हणाले. "कुनाची हाय तेबी आठवंना." ते थांबले. मग त्यांनी गार्डाकडे वळून, जरा आवाज खाली आणून सांगितलं, "पर चार दिस झालं, हीच डाफरतीया माझ्यावर. पाय पुसा, टोपी नीट करा, ठेचा खाऊ नका. परकं मानूस कशाला डाफरंल? घरचीच हाय."

गार्ड हसला. मला हसता आलं नाही. त्याने वहीत वेळ टाकली, माझी सही घेतली आणि नात्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: घरची.

महाळुंग्यापर्यंत अण्णा गाडीवर बसायला तयार झाले नाहीत. कावडीचा माणूस गाडीवर बसत नाही, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मग आम्ही चालत निघालो, किसनराव गाडी ढकलत मागून. मी लगेच सुरुवात केली. चिखलातून कशाला चालता, कडेने चला. टोपी कुठे टाकलीत? चहात साखर किती होती? कार्ड काढून देता म्हणजे काय, लहान आहात का? महाळुंग्याला कावड उठली, निघोजे मागे पडलं, इंद्रायणीचा पूल आला, पुढे वाडीचे ढोल ऐकू यायला लागले, तरी मी डाफरतच होते. घसा बसला होता. बायका म्हणाल्या, ताई, आता पुरे, सापडले ना? मी थांबत नव्हते. थांबायची मला भीती वाटत होती. दम घ्यायला म्हणून मी जरा गप्प झाले, की पुढे चालणारे अण्णा थबकायचे आणि वळून मागे बघायचे.